कोटाची शिलाई: सुई आपली, कात्री कुणाची?



आजचा विषय इतिहासाचा आहे, पण राजे आणि लढाया यांचा नाही. आज आपण कोटाचा इतिहास बघणार आहोत. नवरदेव अंगात घालतो तो कोट, वकील घालतात तो कोट, शाळेत पोरं घालतात ते ब्लेझर. तुम्ही म्हणाल, कोटाशी आपलं काय काम? काम आहे. आपल्या जिल्ह्यात असं गाव शोधून सापडायचं नाही जिथं एकही बाई शिलाई मशीन चालवत नाही. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, झबली, पोरींचे ड्रेस हे सगळं आपण शिवतो. पण लग्नसराई आली की नवरदेवाचा सूट सोलापूरला, लातूरला, बार्शीला जातो. ज्या कपड्याची शिलाई ब्लाउजच्या कितीतरी पट मिळते, तोच कपडा आपल्या हातात येत नाही.

हे असं का झालं? बायकांना जमत नाही म्हणून? तसं असतं तर बारीक कटोरी ब्लाउज कुणाला जमला नसता. खरं कारण इतिहासात आहे. सुई आपल्या हातात फार आधीपासून होती. कात्री मात्र दुसऱ्याच्या हातात राहिली. ती कशी राहिली, तेच आज बघू.

सुरुवात घरापासूनच करू. आपलं तेर सगळ्यांना माहीत आहे ते गोरोबाकाकांमुळे. पण गोरोबाकाकांच्याही हजार-बाराशे वर्षं आधी तेर हे मोठं व्यापारी गाव होतं आणि त्याचं नाव होतं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं एक पुस्तक आहे, ‘पेरिप्लस’ नावाचं. समुद्रमार्गाने व्यापार करणाऱ्यांसाठी कुठल्या बंदरात काय मिळतं याची ती माहिती आहे. त्यात पैठण आणि तगर या दोन गावांची नावं येतात. तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून भडोच बंदराकडे जाते, असं त्यात नोंदवलेलं आहे. विचार करा, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागातलं कापड बैलगाडीने समुद्रापर्यंत जात होतं. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू आजही बघायला मिळतात. गटाची सहल काढली तर जरूर बघा.

आता लक्षात घ्या, तगरहून जायचं ते कापड. कपडे नव्हे. आपल्याकडचा मोठा पेहराव हा न शिवलेलाच होता. धोतर, उपरणं, लुगडं, पागोटं, यातलं काहीच शिवायचं नसतं. आजही कित्येक घरांत सोवळ्यात शिवलेलं वस्त्र चालत नाही. अंगाला कापड गुंडाळायचं, त्याला निऱ्या घालायच्या, खोचायचं, गाठ मारायची. हीच आपली जुनी कला.

पण शिवणं अजिबात नव्हतं असंही नाही. गावच्या बलुतेदार-अलुतेदारांच्या जुन्या याद्यांत शिंप्याचं नाव अलुत्यांत येतं. तो बंडी शिवी, बाराबंदी शिवी, अंगरखा शिवी. बाराबंदीला बटणं नसत, कापडाच्याच बंदांनी ती बांधत. म्हणजे कपडा अंगाला बेतून घट्ट बसवायची गरज नव्हती, बंद कमी-जास्त आवळले की झालं. आणि बायका घरात काय शिवत? चोळी, बाळाची कुंची, टोपडं, दुपटं आणि वाकळ. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेली वाकळ ही काही साधी गोष्ट नाही. चार थर न सरकता धरायचे आणि टाका वर-खाली सारखा घ्यायचा. हे जिला जमतं तिला कोटाच्या आतला टाका जमतो. त्याबद्दल पुढे सांगते.

शिंपी म्हटलं की नामदेव महाराज आठवतात. त्यांचा जन्म १२७० सालचा, शिंप्याच्या घरातला. त्यांची आणि गोरोबाकाकांची एक गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना म्हटलं, काका, तुम्ही मडकी थापटून पक्की-कच्ची ओळखता, तसं आम्हाला तपासा. काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर हाणलं. सगळे गप्प बसले, नामदेव मात्र रागावले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं आहे. नामदेव तेव्हाच मोठे भक्त म्हणून नावाजलेले होते. तरी ते पुन्हा शिकायला विसोबा खेचरांकडे गेले. दहा वर्षं मशीन चालवणाऱ्या बाईलाही नवं काम पहिल्यापासून शिकताना अवघड वाटतं. मला सगळं येतं, आता क्लास कशाला, असं वाटतं. तेव्हा ही गोष्ट आठवावी. ज्याला येत होतं त्यालाच अजून शिकायला पाठवलं होतं.

आता कोट आला कुठून ते बघू. आपल्या भाषेतले शब्दच त्याचा पत्ता सांगतात. बटण हा शब्द बाहेरून आला. काज हा शब्द पोर्तुगीज, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ घर असा होतो, म्हणजे बटणाचं घर. अस्तर आणि दर्जी हे शब्द फारसी. कोट हा शब्द इंग्रजी. शिंपी आणि सुई मात्र आपले. एका कोटात इतक्या देशांचे शब्द शिवलेले आहेत.

इंग्रजांच्या देशात थंडी. त्यांचं कापड लोकरीचं. लोकर आणि सूत यांत मोठा फरक आहे आणि तो आपल्या धनगर मावशींना चांगला माहीत आहे. घोंगडी पाण्यात भिजली, घोळली की आटते आणि घट्ट होते. सुती धोतर तसं होत नाही. लोकरीचा हा गुण विलायतेतल्या शिंप्यांनी कामाला लावला. ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबली की वाफेने लोकरीचं कापड एका जागी आटवता येतं आणि दुसऱ्या जागी ताणता येतं. म्हणजे सपाट कापडाला छातीची गोलाई, पाठीचा बाक, खांद्याचा उतार देता येतो. म्हणून जुने मास्तर म्हणतात की कोट निम्मा मशीनवर शिवला जातो आणि निम्मा इस्त्रीवर. ब्लाउज शिवताना आपण इस्त्री शेवटी मारतो. कोटाला प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री लागते. पहिला मोठा फरक हा.

आपल्या मराठवाड्यात मात्र इंग्रजांचं थेट राज्य नव्हतं. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, तोवर आपण हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतो. जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव होतं ते निजाम उस्मान अलींवरून. २०२३ साली ते अधिकृतपणे धाराशिव झालं. निजामाच्या राज्यात साहेबी कोटापेक्षा मान होता शेरवानीला. जुना अंगरखा आणि इंग्रजी लांब कोट यांच्या मेळातून एकोणिसाव्या शतकात शेरवानी तयार झाली. गळ्यापर्यंत बटणं, आत अस्तर, छातीला कडक भर. श्रीमंतांच्या शेरवानीला औरंगाबादचा हिमरू वापरत. दरबारात, कचेरीत जाणाऱ्याच्या अंगात शेरवानी असे आणि शेतात राबणाऱ्याच्या अंगात बंडी. कपडा बघितला की माणसाचा हुद्दा कळे. अशी शेरवानी शिवणारा दर्जी मोठ्या शहरात बसे आणि विद्या बापाकडून मुलाला किंवा उस्तादाकडून शागिर्दाला मिळे. पोरगा आधी काज करी, मग अस्तर लावी, मग बाही बसवी. कात्री हातात यायला वर्षं लागत. त्या दुकानात बाईला जागाच नव्हती. तिच्याकडे फार तर घरी न्यायचं काम येई, काज-बटण आणि तुरपाई, तेही नगावर.

मग आली मशीन. तिचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या एका शिंप्याने १८३० साली शिलाई मशीनचा हक्क नोंदवला. पॅरिसमध्ये सुमारे ८० मशीन लावून तो सैनिकांचे गणवेश शिवू लागला. हातशिलाई करणाऱ्या शिंप्यांना वाटलं, आता आपल्या पोटावर पाय आला. त्यांनी १८३१ साली कारखान्यात घुसून मशीन मोडून टाकल्या. पुढे अमेरिकेत हाऊ यांनी १८४६ साली आणि सिंगर यांनी १८५१ साली आपापल्या मशीनचे हक्क घेतले. सिंगर कंपनीने मशीन हप्त्याने विकायला सुरुवात केली. ज्या घराला एकदम पैसे देणं शक्य नव्हतं तिथंही त्यामुळे मशीन पोचली. हप्त्याने मशीन घेणं म्हणजे काय, हे आपल्या गटांना वेगळं सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंगरची मशीन हिंदुस्थानात विकली जाऊ लागली. १९३० च्या दशकात कोलकात्यात उषा मशीन तयार होऊ लागली. गांधीजी यंत्रांच्या वेडाला विरोध करत, पण १९२४ साली त्यांनी सांगितलं की शिलाई मशीन हा त्याला अपवाद आहे, कारण ती माणसाचे कष्ट वाचवते आणि माणसाला हाकलून लावत नाही.

मशीनमुळे एक मोठी गोष्ट झाली. शिवणं हा धंदा घरात आला आणि बायकांना चार पैसे मिळवण्याची वाट दिसली. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सेवासदन सुरू केलं. लहान वयात विधवा झालेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, शिक्षण नसलेल्या बायकांनी आपल्या पायावर उभं राहावं म्हणून तिथं लिहिण्या-वाचण्यासोबत शिवणही शिकवलं जाई. घराबाहेर पडायचीच चोरी होती त्या काळात ही फार धाडसाची गोष्ट होती. पुढे गावोगाव शिवणवर्ग निघाले. आपल्यातल्या कितीतरी जणी अशाच वर्गात शिकल्या.

पण या वर्गांत काय शिकवलं जाई? झबलं, टोपडं, फ्रॉक, परकर, ब्लाउज. म्हणजे बायकांचे आणि लेकरांचे कपडे. पुरुषांची पँट, शर्ट आणि कोट शिकायचा तो दुकानात, मास्तरच्या हाताखाली. अशा दोन वाटा पडल्या आणि तशाच राहिल्या. एका वाटेला नाव मिळालं शिवणकाम आणि दुसरीला टेलरिंग. शिवणकाम करणारी ती बाई, टेलरिंग करणारा तो मास्तर. बाईचं काम घरकामातून उरलेल्या वेळातलं धरलं गेलं, म्हणून त्याचा भावही उरलेल्या वेळाचाच राहिला.

कोटाबद्दल बोलताना आणखी एका कोटाबद्दल बोललं पाहिजे. आपल्या गावागावांत बाबासाहेबांचा पुतळा किंवा फोटो आहे. अंगात निळा कोट, हातात संविधान. कोट असाच का आहे, याचा कधी विचार केलात? ज्या समाजाने काय नेसावं, कुठवर नेसावं, कुठला दागिना घालावा हे दुसरे लोक ठरवत होते, त्या समाजातला माणूस शिकून अमेरिकेला आणि लंडनला गेला आणि नीट बेतलेला, नीट इस्त्री केलेला सूट घालून परत आला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रहाच्या वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. लुगडं आखूड नेसण्याची आणि जातीची खूण सांगणारे जड दागिने घालण्याची पद्धत सोडा, नीटनेटकं, पायघोळ नेसा, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते लगेच मनावर घेतलं. फेब्रुवारी १९४१ मध्ये ते आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला परिषदेसाठी आले होते. निजामाच्या राज्यात, जिथं कपड्यावरून माणसाची पायरी ठरत होती, तिथं लोकांनी तो माणूस डोळ्यांनी पाहिला. कपडा ही चैनीची गोष्ट असते असं आपण सहज म्हणतो. पण अंगावर नीट बसलेला कपडा घालून चारचौघांत ताठ उभं राहता येणं, हा मानाचा प्रश्न असतो. आज गरिबाच्या घरचा नवरदेवही सुटासाठी हौसेने पैसे घालतो त्याच्यामागे हेच आहे. म्हणून तो कपडा नीट शिवला गेला पाहिजे, आणि तो शिवणाऱ्या हातालाही तसाच मान मिळाला पाहिजे.

आता कोटाच्या आत काय असतं ते बघू. म्हणजे भीती जाईल.

वरून दिसतं ते फक्त कापड. पण कोट उभा राहतो तो आतल्या थरांवर. छातीच्या जागी एक ताठ कापड असतं, त्याला कॅनव्हास म्हणतात. चांगल्या कॅनव्हासमध्ये घोड्याच्या शेपटीचे केस विणलेले असतात, त्यामुळे ते दाबलं तरी परत उसळतं. हे कॅनव्हास वरच्या कापडाला छोट्या तिरप्या टाक्यांनी जोडतात. टाका वरच्या बाजूला दिसता कामा नये, सुईने वरच्या कापडाचा एखादाच धागा उचलायचा. कॉलर आणि पुढची उलटणारी पट्टी, जिला लॅपल म्हणतात, ती बोटावर वाकवून धरायची आणि वाकलेल्या अवस्थेतच टाके घालायचे. मग ती जन्मभर तशीच वळलेली राहते. मघाशी मी वाकळीचं म्हटलं ते यासाठी. थर न सरकू देता सारखा टाका घालणं हीच ती विद्या. लंडनमध्ये सॅव्हिल रो नावाची शिंप्यांची नामांकित गल्ली आहे. तिथं एका सुटाला हातशिलाईचे किमान ५० तास लागतात. त्या सुटाची किंमत असते ती मुख्यतः या हातच्या कामाची.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कॅनव्हासला एक सोपा पर्याय आला, फ्यूजिंग. मागे गोंद लावलेलं कापड, गरम इस्त्रीने चिकटवायचं. आपल्याकडचे बहुतेक तयार कोट असेच असतात. काम भराभर होतं आणि स्वस्त पडतं. पण इस्त्री कमी गरम असली किंवा पाणी लागलं तर आतला गोंद सुटतो आणि कोटाच्या छातीवर फुगे येतात. फ्यूजिंग वापरायला हरकत नाही. पण आधी कापडाच्या तुकड्यावर लावून, धुऊन, वाळवून बघावं. मगच कोटाला हात घालावा.

दुसरी अवघड जागा बाहीची. ब्लाउजची बाही मुंढ्याएवढीच बेतली तरी चालते. कोटाच्या बाहीचा वरचा घेर मुंढ्यापेक्षा इंच-दीड इंच जास्त असतो. हा जास्तीचा भाग चुणी न पाडता मुरवायचा असतो. आधी हाताने कच्चा धावदोरा घालून दोरा हलका ओढायचा, मग वाफेने ते कापड आटवायचं आणि मगच मशीन मारायची. त्यामुळे हात पुढे नेला तरी पाठ ओढली जात नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे ट्रायल. कोट कच्च्या टाक्याने जोडायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा, कुठे ओढतोय, कुठे ढिला आहे ते खडूने खुणावायचं आणि पुन्हा उसवायचा. उसवणं हा शिवण्याचाच भाग आहे. म्हणून कोटाला माया भरपूर सोडतात, विशेषतः पाठीच्या मधल्या शिवणीला आणि बाजूंना. कापडाला माया सोडणं हा आपला शब्दच किती छान आहे बघा. पुढे माणूस जाड झाला तरी कोट वाढवता यावा, ही काळजी त्यात आहे.

आणि सगळ्यात आधी येतं बेतणं. फार जुन्या काळी इंच-टेप नव्हता. कागदाच्या किंवा चामड्याच्या लांब पट्टीवर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाच्या खाचा पाडून ठेवत. एकोणिसाव्या शतकात टेप रूढ झाला आणि छातीच्या मापावरून बाकीची मापं काढायची रीत आली. छाती कळली की मुंढा किती, पाठीची रुंदी किती, गळा किती, हे हिशोबाने येतं. हा हिशोब सहावी-सातवीच्या गणिताएवढाच आहे. ज्या ताई गटाच्या वहीत व्याज काढतात, त्यांना छातीचा चौथा भाग काढायला कसली अडचण? ती विद्या दुकानाच्या आत ठेवली गेली म्हणून अवघड वाटली.

कात्री कुणाच्या हातात आहे याने काय फरक पडतो, हे नुकतंच आपण सगळ्यांनी पाहिलं. २०२४-२५ साली राज्यातल्या सरकारी शाळांच्या पोरांचे गणवेश शिवायचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे आलं. काम मोठं, संधी मोठी. पण कापड मापाप्रमाणे आधीच कापलेलं येणार आणि गटांनी फक्त जोडायचं, अशी ती रचना होती. कुठे गणवेश उशिरा पोचले, कुठे पोराच्या अंगाला बसेनात, अशा बातम्या राज्यभर आल्या. पुढच्या वर्षी ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. बोल कुणाला लागला? शिवणाऱ्या बायकांना. कापणारी कात्री त्यांच्या हातात नव्हती आणि पोराचं माप घ्यायला त्यांना कुणी शाळेत बोलावलं नव्हतं. ज्याच्या हातात माप आणि कात्री, त्याच्याच हातात काम नीट होण्याची चावी असते. नुसती सुई आपली असली तर दोष आपला आणि नफा दुसऱ्याचा, असं होतं.

आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी याहून अवघड कामं पेलली आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. लातूरच्या जोडीने आपल्या उमरगा-लोहारा भागातली गावंच्या गावं पडली. घरं पुन्हा बांधताना स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावच्या बायका पुढे आल्या, बांधकाम कसं मजबूत होतं ते शिकल्या आणि दुसऱ्यांना समजावू लागल्या. त्याआधी बांधकाम हे गवंड्याचं, पुरुषांचंच काम होतं. पाया किती खोल, भिंतीला आडवा पट्टा कुठे, हे जर बाई शिकू शकते, तर कोटाचा खांदा का नाही?

आता शिकायचं कसं, ते क्रमाने सांगते. एकदम सुटाला हात घालू नका. आधी जाकीट शिवा, ज्याला आपण नेहरू जाकीट म्हणतो. त्याला बाही नाही, लॅपल नाही, पण फ्यूजिंग, अस्तर, खिसा, उभी कॉलर आणि काज हे सगळं त्यात आहे. निवडणुकीत, लग्नात, सणाला त्याला गिऱ्हाईकही आहे. दुसरी पायरी शाळेच्या मुलांचं ब्लेझर. लहान माप, कापड कमी, चूक झाली तरी नुकसान कमी. तिसरी पायरी बंद गळ्याचा कोट. त्याला लॅपल नसते, पण बाही आणि खांदा पूर्ण कोटाचाच. हे तीन जमले की सूट. मोठ्या पन्ह्याचं साधारण सव्वातीन मीटर कापड एका सुटाला लागतं. नवं महागडं कापड पहिल्यांदा कापू नका. आधी जुन्या चादरीचा कोट बेता, तो अंगावर घालून बघा, मग खरं कापड कापा. मोठमोठे मास्तरही असंच करतात.

सगळ्यात चांगला गुरू म्हणजे जुना कोट. बाजारात जुने कोट स्वस्तात मिळतात. एक आणा आणि गटाच्या चार जणी मिळून तो उसवा. एकेक तुकडा कागदावर ठेवून आखा, उभा धागा कुठल्या दिशेने आहे ते लिहून ठेवा, कुठे उरेब कापड लावलंय ते बघा, कॉलरच्या खालच्या बाजूला वेगळं जाड कापड असतं तेही बघा. एक कोट असा उसवला की आत काय काय दडलेलं असतं ते हाताला कळतं.

मापाची अडचण अनेक जणी सांगतात. परक्या पुरुषाची छाती-कंबर बाईने कशी मोजायची? गावात लोक काय म्हणतील? ही अडचण खरी आहे, तिला हसू नये. यावर तीन उपाय आहेत. एक, अंगाला नीट बसणारा जुना कोट किंवा शर्ट मागून घ्यायचा आणि त्याचंच माप घ्यायचं. दोन, माप घ्यायच्या वेळी नवरदेवाची आई किंवा बहीण सोबत असू द्यायची आणि टेप धरायला तिलाच लावायचं, आपण फक्त आकडा लिहायचा. तीन, दुकान एकटीचं न ठेवता गटाचं ठेवायचं, चारचौघींत काम उघड्यावर असतं आणि चर्चेला जागा राहत नाही. डॉक्टरीण बाई पुरुषांना तपासते तेव्हा आता कुणी काही म्हणत नाही. हेही हळूहळू अंगवळणी पडेल.

भांडवलाचं म्हणाल तर केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना आहे. १८ कारागिरीच्या धंद्यांत तिच्यात दर्जीकाम येतं. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, साहित्यासाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि कमी व्याजाने आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाखांपर्यंत कर्ज मिळतं. एका कुटुंबातून एकालाच लाभ घेता येतो, तेव्हा घरात बोलून अर्ज बाईच्या नावाने करा. ही योजना सुरू झाली १७ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे आपल्या मुक्तिदिनीच. साहित्यात मशीनपेक्षाही आधी दोन गोष्टी घ्या: चांगली जड कात्री आणि वाफेची इस्त्री. शिकायला गेलात तर पहिल्याच दिवशी विचारा, कटिंग शिकवणार का? फक्त जोडणं शिकवणार असतील तर तो वर्ग कारखान्यात नगावर काम करायला उपयोगी पडेल. आपल्याला मास्तर व्हायचं असेल तर बेतणं आणि कापणं आलंच पाहिजे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत हप्ते आणि व्याजाचा हिशोब झाला की अर्धा तास काढा. कुणाच्या घरात जुना कोट पडला असेल तर तो घेऊन या. कोण कापायला शिकणार, कोण हातशिलाई बघणार, कोण इस्त्री आणि कोण गिऱ्हाइकाशी बोलणं, अशी वाटणी करून बघा. लग्नसराईला अवकाश आहे तोवर एक जाकीट शिवून बघा आणि गावातल्याच एखाद्याला घालायला द्या. कसं झालं ते आम्हाला केंद्रावर नक्की कळवा.